शिंजिरासाठी टांगता फीडर: कोल्हापूरच्या उन्हात न गळणारा

आमची आत्तेबहीण दिवाळीत टेक्सासहून आली ती माझ्यासाठी लाल रंगाचा एक फीडर घेऊन. उलटी बाटली, खाली बशी, बशीवर प्लास्टिकची चार पिवळी फुलं. खोक्यावर हमिंगबर्डचं चित्र. राजारामपुरीतल्या आमच्या गॅलरीत मी तो एप्रिलमध्ये साखरेचा पाक भरून टांगला. दुपारी दोनपर्यंत बराचसा पाक खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या कुरडयांवर ठिबकला होता. संध्याकाळी कुरडयांना मुंग्या लागल्या, काकू वर आल्या आणि पुढचं सांगण्यासारखं नाही. पक्षी एकही आला नाही.

नंतर दोन उन्हाळे घालवून मी स्वतःचा फीडर बनवला. तो गळत नाही, मुंग्या लागत नाहीत आणि शिंजीर, म्हणजे फुलांतला मकरंद पिणारा चिमुकला सूर्यपक्षी (सनबर्ड), येतो. पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी ती सगळी कृती इथे देतो. खर्च फार नाही. चिकाटी मात्र लागते, आणि ती बनवताना नाही, धुताना लागते.

आधी पाहुणा ओळखा

हमिंगबर्ड आपल्याकडे नाहीत. त्यांच्या साडेतीनशेच्या आसपास जाती आहेत आणि त्या सगळ्या उत्तर नि दक्षिण अमेरिकेत, तिथल्या बेटांवर. भारतात कुणी ‘हमिंगबर्ड बघितला’ म्हणालं तर त्याने शिंजीर पाहिलेला असतो, नाहीतर तिन्हीसांजेला फुलांपुढे भिरभिरणारा हॉकमॉथ जातीचा मोठा पतंग. शिंजीर आणि हमिंगबर्ड यांचं जवळचं नातं नाही. दोघांचा धंदा एक, फुलातला मकरंद पिण्याचा, म्हणून चोची लांब झाल्या. ते आणि पिसांची चकाकी, एवढंच साम्य.

कोल्हापुरात गॅलरीवर येणारे मुख्यतः दोन. एक जांभळा शिंजीर: नर विणीच्या काळात काळा दिसतो, पण ऊन पडलं की निळा-जांभळा झळाळतो. वीण संपली की त्याचा हा थाट उतरतो, तो मादीसारखा पिवळट होतो आणि गळ्यापासून पोटापर्यंत एक काळी रेघ तेवढी राहते. दुसरा पंचरंगी शिंजीर: पोट पिवळं, पाठ तांबूस आणि शेपटीच्या वर जांभळा ठिपका. राधानगरी-दाजीपूरच्या जंगलात गेलात तर फक्त पश्चिम घाटात सापडणारा, लाल छातीचा विगर्सचा शिंजीरही दिसू शकतो, पण तो राजारामपुरीत येईल या आशेवर बसू नका.

आता फीडरच्या दृष्टीने महत्त्वाचा फरक. अमेरिकेच्या पूर्व भागात दिसणारा लाल गळ्याचा हमिंगबर्ड जेमतेम तीन ग्रॅमचा. सेकंदाला पन्नासेक वेळा पंख मारत तो हवेत एका जागी थांबतो आणि तसाच पितो. त्याला बसायला काही नसलं तरी चालतं. शिंजिराचं वजन सात ते दहा ग्रॅम. क्षणभर तरंगणं त्यालाही जमतं, पण पिताना त्याला बूड टेकायला जागा हवी. जास्वंदीवर बघा: देठ धरून, मान वाकडी करून, कधी उलटा लोंबकळून पितो. त्याची चोच खाली वळलेली असते, जीभ नळीसारखी आणि टोकाला दुभंगलेली.

ताईच्या फीडरला बसायला जागाच नव्हती. दाणे-पाणी मांडून पाट मात्र घातला नव्हता, असं म्हणा.

उलटी बाटली का नको

ही पायरी लोक वगळतात आणि मग माझ्यासारखी कुरडयांची भरपाई करतात, म्हणून थोडं सविस्तर.

उलट्या बाटलीतला पाक खाली पडत नाही कारण बाहेरच्या हवेचा दाब त्याला वर दाबून धरतो. आत, पाकाच्या वर, थोडी हवा अडकलेली असते. पक्षी पितो तसा पाक कमी होतो आणि हवा वाढते. इथवर ठीक. पण हवा तापली की फुगते. सकाळी पंचवीस अंश आणि दुपारी गॅलरीत चाळीस अंश असं धरा. तेवढ्याने हवा सुमारे पाच टक्के फुगते. शिवाय गरम झालेल्या पाण्याची वाफ त्या हवेत मिसळते, तिचे साधारण तेवढेच वेगळे. म्हणजे अडीचशे मिलीची बाटली निम्मी रिकामी असेल तर आतली सव्वाशे मिली हवा दहा-बारा मिली पाक बाहेर ढकलते. दोन-अडीच चमचे. रात्री गार झालं की हवा आकसते, खालून नवी हवा शिरते, दुसऱ्या दुपारी पुन्हा तेच. बाटली जितकी रिकामी तितकी जास्त गळते, आणि नवशिका माणूस नेमकी ती अर्धीच भरतो, कारण ‘वाया जायला नको’.

जिथे उन्हाळा मवाळ आहे तिथे ही बाटली चालत असेल. आपल्याकडे मार्च ते मे हा शिंजिरांच्या लगबगीचा काळ आणि उन्हाच्या तडाख्याचाही. म्हणून बाटली नको, झाकणाची बसकी डबी घ्या. पाक खाली, भोकं वर झाकणात, पक्षी वरून चोच घालून पितो. आत अडकून फुगायला हवा नाही, त्यामुळे गळायचं कारणच नाही.

साहित्य

फिरकीच्या झाकणाची प्लास्टिकची डबी, व्यास आठेक सेंटिमीटर, उंची अडीच ते तीन. तळाशी त्रिकोणात ५ आकडा असेल तर उत्तम, ते प्लास्टिक गरम पाण्याला दाद देत नाही. झाकण लाल असेल तर सोन्याहून पिवळं. लक्ष्मीपुरीत प्लास्टिकच्या दुकानांतून फिरलात तर अशा डब्या मिळतील. मी लोणच्याची डबी वापरली होती. महिनाभर धुतली तरी वास गेला नाही, शेवटी टाकली. नवीच घ्या.

स्टीलचा चार मिलिमीटरचा बोल्ट, दोन नट, दोन रबरी वायसर. दोन मिलिमीटर जाडीची जस्ताची तार, दीडेक मीटर. ठिबक सिंचनाची बारीक काळी नळी अर्धा मीटर. घरात कुणाचा ऊस ठिबकवर असेल तर ती फुकट मिळेल. शाम्पूच्या किंवा स्प्रेच्या बाटलीचं एक खोलगट टोपण. थोडं एम-सील. नारळाची अर्धी मोठी करवंटी. हत्यारांत पक्कड, पॉलिश पेपर आणि ड्रिल, तीन नि चार मिलिमीटरच्या भोकांसाठी.

पायरी १: भोकं

झाकणावर काठापासून एक सेंटिमीटर आत, समान अंतरावर चार खुणा करा आणि प्रत्येक ठिकाणी तीन मिलिमीटरचं भोक पाडा. तीनच, चार नाही. हा एका मिलिमीटरचा हट्ट का, ते सांगतो. चार मिलिमीटरच्या भोकातून सातेरी मधमाशी आरामात आत शिरते, पाकात बुडते, मरते आणि सगळा पाक सडवते. तीनमधून तिला जाता येत नाही. शिंजिराची चोच टोकाला बारीक असते, त्याला तीन पुरतात. फुलोरी माशी सातेरीहून लहान असते, तिच्यासाठी पुढे वेगळी युक्ती आहे.

खिळा तापवून भोक पाडायचा मोह होईल. मी पाडलं. वितळलेलं प्लास्टिक भोकाभोवती धारदार काठासारखं गोठतं आणि ते पक्ष्याच्या चोचीला, जिभेला लागू शकतं. ड्रिल नसेल तर उद्यमनगरात जा. तिथे इंजिनाचे भाग बनवणाऱ्या वर्कशॉपवाल्याला ही चार भोकं म्हणजे चहा गार व्हायच्या आतलं काम. ‘हे कशाला?’ विचारतील, सांगा. माझ्याकडून त्यांनी पैसे घेतले नाहीत, उलट दुसऱ्या दिवशी डिझाइनमध्ये दोन सुधारणा सांगितल्या. बरोबर होत्या.

भोकांच्या कडा दोन्ही बाजूंनी पॉलिश पेपरने घासा. बोट फिरवून बघा, खरखर लागता कामा नये. मग झाकणाच्या बरोबर मध्यावर बोल्टसाठी चार मिलिमीटरचं पाचवं भोक.

पायरी २: बसायचं चाक

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. तारेचे बारा-तेरा सेंटिमीटरचे दोन तुकडे कापा आणि दोन्हींच्या मध्यावर बोल्ट जाईल एवढा वेढा घाला. दोन्ही वेढे बोल्टमध्ये एकावर एक ओवून अधिकच्या खुणेसारखे ठेवा. झाले बैलगाडीच्या चाकाचे चार आरे. आरे दोन भोकांच्या मधून बाहेर गेले पाहिजेत, भोकांवरून नाही. काठाच्या पुढे प्रत्येक आरा दीड-पावणेदोन सेंटिमीटर येईल एवढी लांबी ठेवा. मग उरलेल्या तारेवर ठिबकची नळी चढवून गोल वळवा आणि हा गोल चारही आऱ्यांच्या टोकांना बांधा. ही चाकाची धाव. पक्षी हिच्यावर बसणार.

नळी चढवायची दोन कारणं. उघडी तार उन्हात चटके देते. आणि दोन मिलिमीटरची तार शिंजिराच्या नखांना फार बारीक पडते. नळीमुळे पाचेक मिलिमीटरची गोलाई मिळते, जास्वंदीच्या फांदीएवढी. लाकडी काडीही चालते, पण ती पाक शोषते आणि काळी बुरशी धरते.

धाव झाकणाच्या पातळीपेक्षा एक सेंटिमीटर खाली यावी म्हणून आरे काठापाशी थोडे वाकवा. भोकापासून धावेपर्यंतचं अंतर अडीच ते पावणेतीन सेंटिमीटर. याहून कमी असेल तर शिंजिराला चोच आत घालायला मान मागे घ्यावी लागते आणि तो कंटाळतो. जास्त असेल तर पोचत नाही. माझं पहिलं चाक चार सेंटिमीटरवर होतं. तीन दिवस एक मादी येऊन त्यावर बसायची, भोकाकडे बघायची आणि उडून जायची. चाक आवळल्यावर चौथ्या दिवशी प्यायली.

पायरी ३: जोडणी

बोल्ट झाकणाच्या आतून वर काढा. आतल्या बाजूला डोकं आणि वायसर, बाहेर दुसरा वायसर, त्यावर चाकाचे आरे, त्यावर नट. घट्ट आवळा. बोल्टचा जो भाग वर उरला त्यात टांगायच्या तारेचा वेढा घालून दुसरा नट लावा. म्हणजे सगळा फीडर झाकणावर लोंबतो आणि डबीच्या बुडाला एकही भोक पडत नाही. दुसरा फायदा धुताना कळतो: झाकण, चाक, तार वर टांगलेलं राहतं, डबी तेवढी फिरवून काढायची आणि मोरीत न्यायची.

टांगायची तार वीतभर, फार तर दीड वीत ठेवा. लांब ठेवली तर वळवाच्या वाऱ्यात फीडर घंटेसारखा डोलतो आणि पाक भोकांतून उसळतो.

पायरी ४: मुंग्यांचा खंदक

आपल्या आज्यांनी हा प्रश्न कधीच सोडवलाय. जाळीच्या कपाटाचे चार पाय पाण्याच्या चार वाट्यांत, दुधाचं पातेलं पाण्याच्या परातीत. इथे तेच करायचं, फक्त उलटं टांगून. शाम्पूच्या टोपणाच्या तळाला बारीक भोक पाडा, टांगायची तार त्यातून ओवा, टोपणाचं तोंड वर ठेवून भोकाभोवती एम-सील लिंपा. एक रात्र वाळू द्या. मग टोपणात पाणी भरा. हुकाकडून खाली येणाऱ्या मुंगीला मध्ये तळं लागतं.

पाणी रोज बघावं लागतं, मे महिन्यात ते दोन दिवसांत आटतं. तारेला ग्रीस, तेल किंवा व्हॅसलीन लावायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. ते पिसांना लागलं तर पक्ष्याला निघत नाही, आणि चिकटलेल्या पिसांनी उडणं आणि ऊब धरणं दोन्ही अवघड होतं.

खंदकाच्या वर करवंटी पालथी ओवा, छत्रीसारखी. सावलीही होते आणि वळवाचा पाऊस पाकात पडत नाही.

पायरी ५: पाक

एक भाग साखर, चार भाग पाणी. मोजमाप एकाच वाटीने. वजनाने हा पाक सतरा-अठरा टक्क्यांचा होतो, फुलांतल्या मकरंदाच्या जवळ जाणारा. सुरुवातीला दोन मोठे चमचे साखर आणि आठ मोठे चमचे पाणी पुरे. पाणी उकळा, गॅस बंद करा, साखर विरघळवा, झाकून पूर्ण गार करा. साखर घालून उकळत ठेवू नका, पाणी आटलं की प्रमाण बिघडतं. उरलेला पाक फ्रीजमध्ये आठवडाभर राहतो.

आता खास कोल्हापूरकरांसाठी. गूळ घालायचा नाही. मला माहीत आहे, आपल्या गुळाला भौगोलिक मानांकन आहे आणि पाहुण्याला गूळ-पाणी देणं ही आपली रीत आहे. पण गुळात लोह आणि इतर क्षार असतात. मकरंदात लोह जवळजवळ नसतंच, त्यामुळे मकरंदावर जगणाऱ्या पक्ष्यांच्या शरीराला जादा लोह टाकून देता येत नाही, ते यकृतात साठत जातं. ब्राऊन शुगर, काकवी यांनाही हेच लागू. मध तर मुळीच नको: पाणी मिसळलेल्या मधात बुरशी आणि जिवाणू झपाट्याने वाढतात. साखरेऐवजी गोळ्या-पावडरी घातल्या तर पक्ष्याला ऊर्जाच मिळणार नाही, नुसतीच फसवणूक. आणि लाल रंग? पाकात नको. शिंजिराला लाल दिसायला हवा तर झाकण लाल घ्या. बाजारातल्या साध्या पांढऱ्या साखरेइतकं या कामाला चांगलं दुसरं काही नाही.

झाकणाच्या आतल्या बाजूपासून एक सेंटिमीटर जागा सोडून भरा. ही जागा म्हणजे फुलोरी माशीसाठीची युक्ती. भोकावर बसून तिची जीभ पाकापर्यंत पोचत नाही, शिंजिराची चोच आणि जीभ मिळून पोचते. डबी काठोकाठ भरली की दुसऱ्या दिवशी माश्यांचा मोहोळ जमलाच म्हणून समजा.

डबीत सत्तर-ऐंशी मिली मावतं, पण रोज तीस-चाळीस मिलीच घाला, आणि तेवढ्यात पातळी एक सेंटिमीटरवर यावी म्हणून डबीच्या तळाशी नदीतले चार गोटे उकळून, धुऊन ठेवा. ही सुधारणा त्या वर्कशॉपवाल्याची. गोट्यांच्या वजनाने फीडर वाऱ्यात डोलतही नाही.

पायरी ६: कोरडी तालीम

पाक घालायच्या आधी एक दिवस नुसतं पाणी भरून टांगा. संध्याकाळी खाली फरशी ओली आहे का बघा. चाक हाताने एका बाजूला दाबा, झाकण निसटत नाही ना बघा. खालच्या मजल्यावर कुणाचं वाळवण असेल तर ही तालीम दोन दिवस करा.

कुठे टांगावा

सकाळचं कोवळं ऊन आणि अकरानंतर सावली अशी जागा बघा. उंची छातीच्या वर, मांजराच्या उडीबाहेर. खिडकीच्या काचेचा विचार करा: फीडर काचेपासून एक मीटरच्या आत असेल तर पक्ष्याला वेग घ्यायला अंतर मिळत नाही, धडकला तरी फारसं लागत नाही. दोन-चार मीटरवर असेल तर तो पूर्ण वेगात काचेतल्या आभाळावर आदळतो. आसपास आरसा ठेवू नका. विणीच्या काळात नर शिंजीर मोटारसायकलच्या आरशातल्या स्वतःशीच तासन् तास भांडतो, तुम्ही पाहिलं असेल.

शिंजिराला लाल डबी म्हणजे खाद्य हे जन्मतः ठाऊक नसतं. म्हणून पहिले पंधरा दिवस फीडर फुललेल्या झाडाला खेटून टांगा. कुंडीतली जास्वंद, कर्दळ, शंकासुर, हमेलिया, काहीही, फक्त शिंजीर आधीपासून येत असलेलं. परसात शेवगा असेल तर फेब्रुवारीत त्याच्या फांदीलाच टांगा. मग रोज वीतभर सरकवत हव्या त्या जागी न्या. माझ्याकडे पहिला घोट प्यायला एकोणीस दिवस लागले. सोसायटीतल्या एका काकांकडे तिसऱ्या दिवशी आला, कारण त्यांच्या दारात पांगारा आहे. यात कौशल्य काही नाही.

एकदा नराला फीडर सापडला की तो मालकी सांगतो. समोरच्या तारेवर बसून राहतो आणि दुसरा कुणी आला की हुसकावतो, मादीलासुद्धा. त्यासाठी मोठा फीडर करू नका. छोटे दोन करा आणि एकावरून दुसरा दिसणार नाही असे, घराच्या दोन बाजूंना टांगा. दोन्हींवर पहारा त्याला जमत नाही.

धुणं

इथे बहुतेक फीडर मरतात. साखरपाणी उघड्यावर राहिलं की आंबतं. मार्च ते मेमध्ये रोज, हिवाळ्यात दर तिसऱ्या दिवशी, पाक संपला नसला तरी फेकायचा. डबी आणि गोटे गरम पाण्याने, छोट्या ब्रशने घासायचे. भोकांतून दात कोरायची काडी फिरवायची. आठवड्यातून एकदा व्हिनेगर घातलेल्या पाण्यात अर्धा तास बुडवून मग दोन-तीन पाण्यांनी विसळायचं. साबण टाळा, लावलाच तर वास पूर्ण जाईपर्यंत धुवा. पाक गढूळ दिसला, आंबूस वास आला किंवा झाकणाच्या आत काळे ठिपके दिसले तर तुम्ही उशीर केला आहे. आंबलेल्या पाकाने पक्षी आजारी पडतात.

हे वाचून ‘रोज कोण करणार’ असं मनात आलं असेल तर अगदी प्रामाणिकपणे सांगतो, फीडर करू नका. त्याऐवजी जास्वंदीची एक कुंडी ठेवा, तिला फक्त पाणी लागतं. आणि गावाला जाणार असाल तर फीडर उतरवून, धुऊन, आत ठेवून जा. चार दिवस नसला तर शिंजीर उपाशी मरत नाही, त्याच्या वाटेवर शंभर फुलं असतात.

फीडरने त्याचं पोट पूर्ण भरतही नाही. साखरेत ऊर्जा आहे, प्रथिनं नाहीत. पिल्लांना तो कोळी आणि बारीक किडे भरवतो. म्हणून कुंड्यांवर कीटकनाशक मारायचं आणि शेजारी फीडर टांगायचा, हे दोन्ही एकत्र चालत नाही. उलट कोळ्याची जाळी राहू द्या. शिंजिराची मादी ती घरट्यासाठीही नेते. त्याचं घरटं म्हणजे लोंबती पिशवी, गवत-काड्या-कचरा जाळ्याने सांधलेली, बाजूला दार आणि दारावर छोटं छप्पर. कपडे वाळत घालायच्या तारेला कधीकधी असतं. दिसलं तर त्या तारेवर महिनाभर कपडे घालू नका, आणि फोटोसाठी पानं बाजूला करू नका.

अडलं तर

माश्या फार आल्या: पातळी तपासा, फीडरवर काही पिवळं आहे का बघा (ताईच्या फीडरवरची पिवळी फुलं हेच मुळात माश्यांना आमंत्रण होतं), तरीही हटत नसतील तर दोन दिवस उतरवून ठेवा. आग्या माश्या असतील तर हात लावू नका, अंधार पडल्यावर काढा.

खारूताई झाकण कुरतडते: तार लांब न करता हूक भिंतीपासून लांब घ्या. माझी अजून ऐकत नाही.

साळुंक्या येऊन बसतात: सहसा पीत नाहीत, भोक लहान आहे. तेही बरंच, कारण त्यांच्या कुळाला साधी साखर पचत नाही, त्यांच्या पोटात ती फोडणारं विकरच नसतं. म्हणूनही भोकं मोठी करू नका, आणि उरलेला पाक उघड्या वाटीत घालून ठेवू नका.

चष्मेवाला आला: डोळ्याभोवती पांढरं कडं असलेला हा हिरवट पक्षी मकरंद पितो. येऊ द्या.

मृगाचा पाऊस लागला की मी फीडर उतरवतो. आपल्याकडचा जून-जुलैचा दमटपणा असा की सकाळी धुतलेल्या झाकणावर संध्याकाळी बुरशी दिसते. डबी, गोटे, चाक कोरडं करून माळ्यावर जातं, करवंटी बंबात जाते. गणपती झाले, ऊन पडायला लागलं की नवी करवंटी, नवा वायसर, ठिबकच्या नळीचा नवा तुकडा, आणि खालच्या काकूंना आधी एकदा सांगून येणं.